अर्धा किलो उजेड

माझ्या बायकोच्या भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंत नवरी हिरवी आली आहे. हिरव्या साडीतली म्हणत नाही मी. साडी चांगली डाळिंबी होती आणि फोटोत ती चिंचेच्या कोळात बुडवून काढल्यासारखी दिसते. हिरवी खुद्द मुलगीच. कपाळ पोपटी, गाल शेवाळी आणि हनुवटीखाली पाच महिन्यांच्या उसाच्या पानाचा गडद रंग. शेजारी बसलेला मुलगा गुलाबी आहे, कारण मांडवाचा गुलाबी पट्टा त्याच्या डोक्यावर होता आणि हिरवा हिच्या. दोन पट्ट्यांच्या शिवणीखाली बसलेले भटजी अर्धे-अर्धे आले आहेत.

हे फोटो मी काढले. मला कोणी काढायला सांगितलं नव्हतं.

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा जावई आहे. नीरा-बारामती रस्त्यावरचं, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं, चहूकडे ऊस असलेलं गाव. हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर आणि वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास, अशी माझी सासुरवाडी. इथे जावयाला कोणी चुकला म्हणत नाही. पंगतीत ज्या सुरात "अजून एक घ्या की दाजी" म्हणतात, त्याच सुरात "अजून एक काढा की दाजी" म्हणतात, आणि मी दोन्ही वेळा ते खरं मानतो. माझं वजन आणि माझी फोटोग्राफी, दोन्हींचं मूळ हेच.

कॅमेरा मी घेतला होता भिगवणसाठी. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि रविवारी पुण्याहून तोफेएवढ्या लेन्सा घेतलेली माणसं कुंभारगावात होडीत बसतात. मीही बसलो. माझ्या लेन्समधून रोहित इतके लांब दिसले की फोटोत कुणीतरी पाटीवर गुलाबी खडू सांडल्यासारखं वाटतं. मग मी पक्ष्यांचा नाद सोडून माणसांकडे वळलो, कारण माणसं जवळ येतात आणि "हलू नका" म्हटलं की निदान पहिल्या पाच मिनिटांत हलत नाहीत. माणसांसाठी फ्लॅश घेतला. गाइड नंबर ३६. याचा अर्थ असा, की लेन्सचं छिद्र चारवर ठेवलं तर ३६ भागिले ४, नऊ मीटरपर्यंत उजेड पोचतो. हे गणित मला दुकानात समजावलं गेलं तेव्हा मी मान डोलावली. त्या नऊ मीटरच्या वाटेत जे कोणी येईल त्याचं काय होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

ते भाऊबीजेला कळलं. बायको आपल्या भावाला ओवाळत होती, तबकात निरांजन, सगळ्यांचे चेहरे त्या उजेडात सोन्यासारखे. मी समोरून फ्लॅश मारला. फोटोत निरांजन विझल्यासारखं दिसतंय, मेहुण्याचं कपाळ तव्यासारखं चकाकतंय, डोळे लाल आहेत आणि मागच्या भिंतीवर त्याची काळीकुट्ट, कातरीने कापल्यासारखी सावली पडली आहे. ती अशी उभी आहे की जणू वसुलीला आलेला माणूस मेहुण्याचं ओवाळून होण्याची वाट बघतोय. सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, "ह्यो आमचाच हाय ना?"

मग मी अभ्यासाला लागलो. उजेड कडक येतो तो दिवा लहान असल्यामुळे. फ्लॅशचं तोंड काडेपेटीहून जेमतेम मोठं. त्यातून निघालेला उजेड एकाच दिशेने येतो आणि नाकाच्या पलीकडे काय झालं याची फिकीर करत नाही. सूर्याचंही तसंच. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण १५ कोटी किलोमीटरवरून तो हात लांब करून धरलेल्या मुगाच्या दाण्याएवढाच दिसतो, म्हणून वैशाखातली सावली एवढी धारदार. आभाळ भरून आलं की अख्खं आभाळच दिवा होतं, चहूबाजूंनी उजेड येतो आणि सावल्या विरघळतात. म्हणजे दिवा फोटोतल्या माणसाच्या मानाने मोठा हवा आणि जवळ हवा. एवढंच. हे मी वाचलं, खाली रेघ ओढली, आणि विसरलो. लक्षात राहिला तो पुढचा शब्द: डिफ्युझर. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची पांढरी, अर्धपारदर्शक टोपी. किंमत बघितली आणि माझ्यातला नोकरदार जागा झाला. एवढ्या प्लॅस्टिकला एवढे पैसे? घरात पांढरं, अर्धपारदर्शक काय आहे?

श्रीखंडाचा डबा होता. अर्धा किलोचा, केशर-वेलची.

तो मी धुतला, म्हणजे त्यात पाणी घालून ओतलं. झाकणाला भोक पाडून फ्लॅशच्या मानेत बसवला, रबरबँड लावला. पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको मटार सोलत होती, तिचा फोटो काढला. आणि काय सांगू! चेहऱ्यावर साय पसरावी तसा उजेड. सावली म्हणाल तर नुसती चाहूल. "हा मला पाठव," असं ती म्हणाली. लग्नानंतर माझ्या एखाद्या कृतीची मागणी झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच क्षणी मी ठरवलं की हिच्या भाचीचा साखरपुडा आपण टिपायचा.

आता कळतं की ती कामगिरी डब्याची नव्हतीच. आमची खोली दहा बाय अकराची, चारही भिंती पांढऱ्या, वर पांढरा स्लॅब. डब्याने उजेड सगळीकडे उधळला, भिंतींनी तो झेलला आणि परत पाठवला. दिवा काडेपेटीएवढा न राहता खोलीएवढा झाला. काम भिंतींनी केलं, श्रेय डब्याने घेतलं. हे मी वीस वर्षं नोकरी करूनही ओळखू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

साखरपुड्याला निघण्याच्या तयारीत बायकोने एकदा विचारलं, "ह्यात धोका नाही ना काही?" तिला मी इतिहास ऐकवला. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची फ्लॅशची भुकटी काढली. पेटवली की भप्पकन उजेड आणि मग खोलीभर धूर. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींचे फोटो काढणाऱ्या जेकब रीसने तिच्यापायी दोनदा घर पेटवलं आणि एकदा स्वतःला. एकदा पाच आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरचे कागद आणि चिंध्या पेटल्या, त्याने कशातरी विझवल्या आणि धावत खाली येऊन पोलिसाला सांगितलं, तर पोलीस हसायला लागला. या घराचं नावच 'घाणेरडा चमचा', म्हणाला. गेल्या हिवाळ्यात सहादा पेटलं, पण भिंतींवर मळ इतका की आग गुदमरूनच मरते. मी बायकोला म्हटलं, बघ, त्या मानाने माझ्याकडे साधे चार पेन्सिल सेल आहेत. ती म्हणाली, "आमच्या घराच्या भिंती स्वच्छ आहेत, एवढं लक्षात ठेवा."

साखरपुडा संध्याकाळचा होता, पण मुलगा सकाळीच आला. हल्ली लग्नाआधी जोडीने फोटो काढून घेतात, त्याला प्री-वेडिंग म्हणतात. मी दोघांना कालव्यावर नेलं. आवर्तन सुटलेलं होतं, पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं, पलीकडे उसाला तुरे. फक्त वेळ दुपारी बाराची होती. सूर्य बरोबर डोक्यावर, त्यामुळे दोघांच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी आणि नाकाखाली सावलीची मिशी, मुलीलासुद्धा. अशा वेळी खालून उजेड परतवायला रिफ्लेक्टर लागतो. धाकट्या मेहुण्याच्या शेतात कलिंगडाला अंथरून उरलेला मल्चिंग पेपर होता: एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने चंदेरी, ३० मायक्रॉनचा. गोठ्यात नवार काढलेली बाज होती. बाजेच्या चौकटीवर तो कागद ताणून बसवला, की बारामती तालुक्यातला सर्वांत मोठा रिफ्लेक्टर तयार. दोन भाचरांना दोन टोकांना उभं केलं.

मल्चिंगची चंदेरी बाजू वर का ठेवतात हे मेहुण्याने मला नंतर सांगितलं. ती उजेड पानांच्या खालच्या अंगाला परतवते आणि त्यामुळे मावा, फुलकिडे बिचकतात, झाडावर बसत नाहीत. मला त्याची प्रचिती आधीच आली होती. नवरदेव बसेना. चंदेरी कागद म्हणजे जवळजवळ आरसाच. तो उजेड मऊ करत नाही, आहे तसा कडक परत फेकतो, वर कागदाच्या सुरकुत्यांमुळे त्याचे सुरे होतात. मी सदतीस फोटो काढले. सदतीसच्या सदतीस फोटोंत नवरदेवाचे डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडं. दोघं एकमेकांकडे प्रेमाने बघताहेत असा एक घ्यावा म्हटलं, तर तो अंदाजाने तिच्या कानाकडे बघत होता.

"जरा तिरपा करा रे," मी पोरांना म्हटलं. त्यांनी केला. तेवढ्यात कालव्यावरून वारा आला, चौकट शिडासारखी फुगली आणि उजेडाचा तो अख्खा पाट नवरदेवावरून निसटून रस्त्यावर गेला. रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर होता. ड्रायव्हरने शहाणपणा केला. त्याने डोळ्यांवर हात घेतला आणि करकचून ब्रेक दाबून जागच्या जागी थांबला. मागे दुसरा ट्रॅक्टर थांबला, त्याच्यामागे एसटी. सगळीकडे शांतता. ड्रायव्हर उतरला, चालत आला, बाजेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावरच्या टोपीवरून त्याने मी कोण असेन ते ओळखलं असावं, कारण आवाज चढवला नाही.

"पाव्हणं," तो म्हणाला, "उजेड जरा तुमच्याकडंच ठिवा की."

पुढच्या वाऱ्याने कागद सुटला आणि कालव्यात पडला. चंदेरी बाजू वर करून तो डौलात बारामतीकडे निघून गेला. दोन्ही भाचरं काठाने त्याच्यामागे पळत होती. तो इंदापूरला पोचला की मधेच एखाद्या दारात अडकला, ठाऊक नाही. पाण्याच्या खात्याची या निमित्ताने माफी मागतो.

पाच वाजता मेहुण्याने गुपचूप ठरवलेला फोटोवाला आला. गुपचूप म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून. तरणा पोरगा, हाताखाली एक पोरगं, आणि त्या पोराच्या हातात दांडीवर लावलेली भली मोठी पांढरी छत्री. मी त्याला जरा बाजूला घेऊन माझा डबा दाखवला, बरोबरीच्या नात्याने. त्याने तो निरखून बघितला.

"दाजी, मुंग्या लागल्यात."

खरंच लागल्या होत्या. लाल. डब्याच्या तळाशी राहिलेल्या वेलचीपर्यंत पोचायला त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरून रस्ता काढला होता, म्हणजे माझ्या मानेवरून. दुपारपासून मान का चावते याचा उलगडा झाला. भाऊबीजेनंतर घरात काढलेले सगळेच फोटो थोडे केशरी का येतात, याचाही. ते मी माझ्या शैलीत जमा केलं होतं.

"आणि डबा ल्हान हाय," तो मुंग्या झटकत म्हणाला. "घरात चालंल. हितं मोकळ्यात ह्यो उजेड चहूकडं उधळणार आणि माघारी कोण पाठवणार? उजेड मऊ करायचा तर आधी मोठा करावा लागतो. छत्री घ्या माझी."

किती साधं! रेघ ओढलेलं वाक्यच ते. डब्यातून निघालेला उजेड मोकळ्या अंगणातून वर आभाळात जाणार, उरलेला नीरा नदी ओलांडून फलटण तालुक्यात. नवरीच्या वाट्याला काडेपेटीतून निघतो तेवढाच, तोही आधीपेक्षा अर्धा. मी आजवर उजेड मऊ करतोय असं समजून तो नुसता कमी करत आलो होतो. पण छत्री मी घेतली नाही. जावयाने फोटोवाल्याची छत्री घ्यायची? शिवाय मला सिनेमाचे कॅमेरामन सुब्रत मित्र आठवले.

१९५६ च्या 'अपराजितो' या सिनेमाची गोष्ट. काशीच्या जुन्या घराचं आतलं अंगण दाखवायचं होतं, जिथे ऊन कधीच थेट उतरत नाही, वरून नुसता आभाळाचा उजेड झिरपतो. सेट उघड्यावर बांधला तर पावसाची भीती, म्हणून कलकत्त्याच्या स्टुडिओत छपराखाली बांधला. आता आभाळ कुठून आणणार? पंचविशीतल्या सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि सगळे दिवे खालून त्या कापडावर रोखले. कापडाचं आभाळ झालं. बघणाऱ्याला कळतही नाही की हा दिव्यांचा उजेड आहे. म्हणजे मला हवं होतं ते पांढरं, स्वच्छ, चार-पाच वारांचं कापड.

पलंगावर आप्पांचं धोतर ठेवलेलं होतं.

आप्पा माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात माळ, आयुष्य उसात गेलं. समारंभासाठी परीटघडीचं नवं धोतर काढून ते आंघोळीला गेले होते. मी विचार केला, दहा मिनिटांचं काम. ओसरीच्या खांबांना धोतराची दोन टोकं बांधली, खालची दोन भाचरांच्या हातात दिली. मुलगी नटून तयार होती, तिला धोतराच्या अगदी जवळ, हातभरावर बसवली. मी कॅमेरा घेऊन कडेला उभा राहिलो, डबा काढून टाकला आणि हात लांब करून फ्लॅश पलीकडून धोतरातून आरपार मारला.

एकच फोटो. पण तो फोटो बघितला आणि माझे हात थरथरायला लागले. गालावरून उजेड असा वळला होता की तो कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते सांगता येईना. नथीच्या मोत्यांवर खिडकीएवढी पांढरी झाक. डोळ्यांत चमक. कपाळ तव्यासारखं नाही, केळीच्या पानासारखं, तेही रंग सोडून फक्त पोत. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटो काढला होता.

मोठ्या उजेडाचा एक गुण मी विसरलो होतो. तो फक्त आपण बसवलेल्या माणसावर पडत नाही, आजूबाजूलाही पसरतो. फोटोच्या उजव्या बाजूला, ओसरीच्या दारात, आंघोळ करून आलेले आप्पा उभे आहेत. अंगात कोपरी, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हाताची घडी. धोतर शोधत घरभर फिरून ते बाहेर आले होते आणि ते उन्हातल्या वाळवणासारखं ताणलेलं बघून, काहीही न बोलता, काम संपायची वाट बघत थांबले होते. उजेड त्यांच्यावरही तितकाच सुरेख पडला आहे. चड्डीचे पट्टे मोजता येतात.

कडेने कापावं म्हटलं तर कापता येईना. नवरीच्या पदराचा अर्धा भाग आप्पांच्या गुडघ्यावरून गेलेला.

"झालं का, दाजी?" आप्पांनी विचारलं.

"झालं, आप्पा."

"मंग द्या. पाव्हणं आल्यात."

त्यांनी धोतर नेसलं. म्हणजे साडेसात वाजता मुख्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा माझा डिफ्युझर मुलाच्या वडिलांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत पहिल्या रांगेत बसला होता. मोठं कापड आता एकच उरलं: मांडवाचं छत. हिरवा पट्टा, गुलाबी पट्टा, हिरवा पट्टा, कडेला पिवळी झालर. सुब्रत मित्रांनी कापड पांढरं का निवडलं असेल, हा प्रश्न मला त्या घाईत पडला नाही. मी फ्लॅशचं डोकं वर केलं आणि धडाधड मारत सुटलो. उजेड ज्या रंगावर आपटतो तो रंग घेऊन खाली येतो. बाकी तुम्हाला माहीत आहे.

शिवाय वर जाऊन खाली येण्यात उजेड इतका दमतो की फ्लॅशला दर वेळी पुरी ताकद लावावी लागते. चार पेन्सिल सेल सातव्या फोटोला थकले. फ्लॅशमधून कुंईऽऽ असा आवाज यायचा, मग लाल दिवा, मग पुढचा फोटो. मधे दहा-बारा सेकंद. अंगठी बोटात जायला तीन सेकंद लागतात. मी म्हटलं, "जरा काढून परत घाला." घातली. कुंईऽऽ. "परत एकदा." तिसऱ्यांदा काढायला सांगितलं तेव्हा मुलाच्या आईने माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "पाव्हणं, सोयरीक जुळवायची हाय का मोडायची?"

राहता राहिला ग्रुप फोटो. त्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. छत सोडलं, सेल बदलले, फ्लॅश सरळ समोर केला. मुलाकडची मंडळी पाहुणी म्हणून पुढे खुर्च्यांवर, माझ्यापासून दोन मीटरवर. आमची भावकी मागे उभी, चार मीटरवर. आता अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, दहावीच्या पुस्तकातला नियम. म्हणून फोटोत मुलाकडचे सगळे पिठात घोळल्यासारखे पांढरे आहेत आणि आमची भावकी कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखी. बांधाच्या वादावरून तीन वर्षं अबोला असलेले एक चुलत चुलतसासरे मुद्दाम आले होते, ते अंधारात पार गडप. ते म्हणाले, "बोलवायचं आणि दाबायचं, ही ह्या घराची जुनीच रीत."

मागे सरकलं तर फरक कमी होतो, हे मला आठवलं. सहा मीटर आणि आठ मीटर असं अंतर केलं तर मागच्यांना निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. म्हणून मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता मागे सरकत गेलो. सहा मीटरवर आचाऱ्याची हद्द होती. मी निवडलेल्या कोथिंबिरीच्या पाटीत बसलो. मऊ काय असतं, याचा त्या दिवसातला माझा दुसरा अनुभव.

फोटोवाल्याचा करिझ्मा अल्बम महिन्याने आला. चाळीस पानं, नवरी गव्हाळ, नवरदेवाचे डोळे उघडे, भावकी उजळ. माझा एकही फोटो त्यात नाही. मी आहे, एका पानाच्या कोपऱ्यात, पाठमोरा, मानेवर खाजवताना. माझे फोटो मेहुण्याने वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवले आहेत आणि तो पेनड्राइव्ह कुठे ठेवला आहे हे त्याला आठवत नाही. भाची अजून मला मामा म्हणते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' सिनेमासाठी विजेचे दिवे वापरले, तेव्हापासून शंभर वर्षं मराठी माणूस या दिव्यांशी झुंजतो आहे, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "पण मामा, ते जिंकले होते ना?"

धोतराच्या फोटोचं काय करायचं यावर घरात बराच खल झाला. पुसून टाका, असं बायको म्हणाली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी तो आप्पांनाच दाखवला. त्यांनी चष्मा लावून, खिडकीशी जाऊन, पुष्कळ वेळ बघितला. मी खाली मान घालून उभा.

"चेहरा झ्याक आलाय," आप्पा म्हणाले. "आधार कार्डावर चोरावाणी दिसतोय मी. ह्यो कमरेपस्तोर कापा आणि ठिवा. पुढं हार घालायला लागंल."

"आप्पा, असं काय बोलता!"

"आवं, आज न्हाय म्हणत. पर त्या टायमाला तुम्ही नवा काढू नका."

बारामतीहून चौकट करून आणली. दहा बाय बाराची, काचेसकट. सध्या ती सासूबाईंच्या कपाटात वरच्या फळीवर, धोतराच्या घडीत गुंडाळून ठेवलेली आहे. डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, नवरीच्या पदराचा डाळिंबी काठ दिसतो. रंग बरोबर आला आहे.